चौथा क्रमांक आणि शेजारची सीट

मंगळवार, २५ नोव्हेंबर
निवड समितीची यादी आली. अमेरिकन फुटबॉलमध्ये आमचे कॉलेज देशात सहावे. साप्ताहिकातल्या माझ्या स्तंभात नियम पुन्हा एकदा सुबोध करून लिहिला : बारा संघ. पहिल्या चारांना पुढे चाल. ते पहिली फेरी घरी बसून बघतात. पाच ते आठ आपापल्या मैदानावर खेळतात. नऊ ते बारा बर्फ तुडवत या पाच ते आठांच्या गावी जातात. गावात हे पूर्ण समजलेला मी एकटाच.

संध्याकाळी कोरीनचा फोन. म्हणाली, डॅड, पहिल्या फेरीचा सामना आपल्या मैदानावर झाला तर वीस डिसेंबरला येते, नक्की. मुलगी दोन वर्षांत आलेली नाही. मी म्हणालो, तुझी मर्जी, मैदानात माझ्या शेजारची सीट रिकामीच असते. उगाच उत्साह दाखवून तिच्यावर भार टाकू नये.

तिची खोली झाडली.

गुरुवार, २७ नोव्हेंबर. थँक्सगिव्हिंग
शेजारच्या मर्लने जेवायला बोलावले होते. काम आहे म्हणून कळवले. काम : फ्रिजवर लावलेला बारा संघांचा तक्ता रंगवणे. टर्कीचा एक पाय खाल्ला. एकट्याने जेवल्यास पचन सुधारते.

खोली पुन्हा झाडली.

शनिवार, २९ नोव्हेंबर
जिंकलो. मैदानात चौदा नंबरच्या सीटवर मी, पंधरा नंबरवर माझा जुना कोट. पूर्वी तिथे कोरीन बसायची. पाय जमिनीला टेकत नसत. कोट शिस्तीचा आहे, मध्येच हॉटडॉग मागत नाही.

संकल्प : वीस तारखेपर्यंत तिच्या आवडीची बीफ चिली, म्हणजे मांस-राजम्याचा तिखट रस्सा, सिद्ध करणे.

मंगळवार, २ डिसेंबर
पाचवे! शनिवारी कॉन्फरन्सची, म्हणजे आमच्या गटातल्या कॉलेजांची, अंतिम लढत जिंकलो की चौथे. स्तंभात लिहिले, पाचव्या क्रमांकावर समाधान मानणे हे क्षुद्र वृत्तीचे लक्षण होय.

डायनरमध्ये मर्ल म्हणाला, वेंडेल, पण चौथे आलो तर कोरीनचं... त्याला तिथेच थांबवले. नियम मी लिहितो, तो बूट विकतो. कॉफी ओतणारी डॉटी म्हणाली, बोलू दे की त्याला, वर्षातनं एकदा डोकं चालवतोय. मला वेळ नव्हता.

चिली, प्रयोग दुसरा. करपली. भांडे सदोष.

शनिवार, ६ डिसेंबर
टीव्हीवर बघितले. जादा वेळेत जिंकलो. सोफ्यावर उभा राहून ओरडलो. खाली उतरल्यावर घर जरा जास्तच शांत वाटले. थकवा असावा.

रविवार, ७ डिसेंबर, दुपार
चौथे. माझे भाकीत अक्षरशः खरे. लगेच कोरीनला फोन.

ती म्हणाली, अभिनंदन डॅड, पण म्हणजे वीसला आपल्याकडे सामनाच नाही ना?

मी म्हणालो, अर्थात नाही, हीच तर गंमत आहे. आपण थेट एक जानेवारीला, हजार मैलांवर. विश्रांतीचे फायदे अकरा मिनिटे समजावून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, तर मग मी यायचं काही कारण उरलं नाही ना?

मी म्हणालो, नियमाप्रमाणे नाही.

ती आणखी थोडा वेळ फोनवर होती. काही बोलली नाही. मीही नाही. लाइन खराब असावी.

मंगळवार, ९ डिसेंबर
खोली झाडली. सवय.

शनिवार, २० डिसेंबर, दुपार
विश्रांतीचा दिवस. सकाळी गाडीने मैदानापर्यंत जाऊन आलो. सामन्याच्या दिवशी पार्किंगमध्ये लोक शेगड्यांवर मांस भाजतात; आज एकही शेगडी पेटलेली नाही, बर्फावर पावलेही नाहीत. खेळाडूंना शांतता मिळते आहे याची खात्री करणे आवश्यक होते.

चिली साधली. अंदाज चुकल्याने दोघांची झाली.

मर्ल दारात आला. म्हणाला, लेका, सामना गेला खड्ड्यात, तू नुसतं 'ये' म्हणाला असतास तर पोरगी आली नसती होय? मी त्याला फ्रिजपाशी नेऊन तक्ता दाखवला. त्यात तसा रकाना नाही. तो तक्त्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. चिली नेतोस का विचारले. नको म्हणाला, तुझ्याबरोबर बसून खातो. मी म्हणालो, काम आहे.

टीव्ही लावला. पाचव्या क्रमांकाच्या गावात सामना. एका बापाने स्वतःची लोकरी टोपी काढून मुलीच्या डोक्यावर घातली. कॅमेरा तिथेच रेंगाळला.

आवाज बंद केला. गोंगाटात विश्रांती नीट होत नाही.