तारीख फुटता कामा नये

३ जानेवारी
कन्येचा हॉस्टेलवरून फोन. नोकरी लागली! महिनाअखेर निघणार, तेही इतकं लांब की वर्षातून एकदा घरी आली तर आली. जाण्याआधी एकच हट्ट: बाबा, खाडीवरच्या अभयारण्यात पक्षी बघायला न्या. ती दुसरीत होती तेव्हापासून नेतो म्हणतोय. दर वेळी काहीतरी आडवं येतं. आता आभाळ कोसळलं तरी नेणार. सगळं प्लॅनिंग माझं. मेव्हण्याला वारासुद्धा लागू द्यायचा नाही.

४ जानेवारी
मेव्हण्याला वारा लागला. समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहतो. सकाळी सकाळी हजर, म्हणे गाडी माझी काढू. याला सांगितलं कुणी? बायको म्हणते, मी नाही. जरा जास्तच पटकन म्हणाली.
मागच्या सहलीत प्लॅन माझा, धावपळ माझी. यानं ऐनवेळी एक कलिंगड आणलं. लोक अजून कलिंगडाचंच कौतुक करतात.

६ जानेवारी
अभयारण्याच्या ऑफिसात फोन केला. गार्ड म्हणाला, ओहोटी लागली की वाळूवरून चालत आत जायचं, पाणी चढायच्या आत बाहेर. ती वेळ हुकली की त्या दिवशी काही नाही. मग विचारतो, किती जण? कधी येताय? याला कशाला हव्यात नसत्या चौकशा? फोन ठेवला.

८ जानेवारी
दुर्बीण आणली. गॅलरीतून ट्रायल घेतली. बायको आणि तिचा भाऊ खाली कोपऱ्यावर कुजबुजत होते. धावत खाली गेलो तर दोघंही गप्प. ही म्हणाली, टोमॅटोच्या भावाबद्दल बोलत होतो. टोमॅटोवर इतका वेळ कोण बोलतं?

१० जानेवारी
युक्ती सुचली. घरातला फितूर शोधायचा! प्रत्येकाला वेगळी तारीख सांगितली, एकेकट्याला गाठून, ‘कुणाला बोलायचं नाही’ या अटीवर. एकाची तारीख दुसऱ्याच्या तोंडून आली की चोर सापडला. खरी तारीख माझ्या डोक्यात. ती शेवटी जाहीर करीन.
कन्येवर संशय नाही, पण मामाची लाडकी आहे. नियम म्हणजे नियम. फोनवर तिलाही एक तारीख दिली. नक्की ना बाबा, मी हॉस्टेलवरून थेट गेटवर येते, म्हणाली. आईलाही सांगणार नाही असं कबूल केलं.
कुणाला कोणती दिली ते इथेही लिहीत नाही. भिंतीला कान असतात आणि रोजनिशीला बायको.

१३ जानेवारी
अजून कुणी फुटलं नाही. बायको नुसती हसते. का हसतेस विचारलं, तर म्हणे तुम्ही खुशीत दिसता म्हणून. सरळ उत्तर देईल तर शपथ.

१५ जानेवारी
मेव्हण्याला खोदून पाहिलं. शनिवारी काय करताय, असं सहज विचारलं. चेहऱ्यावर रेष हलली नाही. म्हणाला, दाढ दुखतेय, डॉक्टरकडे जायचंय. आ वासून दाढ दाखवलीसुद्धा. पक्का मुरलेला आहे.
कन्येचा फोन. हुरळून गेली होती. चिखलात चालायचे बूट घेतले म्हणाली. आणखी काहीतरी महत्त्वाचं सांगायचंय म्हणत होती, पण तारीख तोंडातून निसटेल म्हणून मीच फोन कट केला. ही शेजारीच भाजी निवडत होती.

१७ जानेवारी, शनिवार, सकाळ
निवांत. कन्येची तारीख पुढच्या शनिवारची, आज फक्त मेव्हण्याची. तो दाढ घेऊन बसलाय. खरी तारीख उद्या जाहीर करावी म्हणतो.
अनोळखी नंबरवरून फोन. उचलला नाही. पुन्हा आला. पुन्हा. कुणीतरी माझ्या पाळतीवर आहे. नंबर ब्लॉक केला.

दुपार
हिचा फोन वाजला. कन्या. अभयारण्याच्या गेटवरून. पहाटेची बस धरून एकटी तिथं पोचली होती. मोबाइलला रेंज नाही, म्हणून गार्डच्या फोनवरून मला लावत होती. तारीख आजचीच दिली होती म्हणे मी.
आता आठवतंय. आजची तिला. पुढचा शनिवार मेव्हण्याला.
बाकी सगळे ओहोटीला आत जाऊन आले. गार्डनं तिलाही बोलावलं. ती हलली नाही, बाबा येतील म्हणाली. मग पाणी चढलं.
मेव्हणा सुजलेल्या गालानं गाडी काढून तिला आणायला गेला. ही सोबत गेली. मी निघालो, तर म्हणाली, तुम्ही घरीच थांबा.

१८ जानेवारी
कन्येला म्हटलं, काही बिघडलं नाही, खरी तारीख पुढच्या रविवारची आहे, आपण दोघं जाऊ. ती म्हणाली, कंपनीनं लवकर बोलावलंय, शुक्रवारी निघायचंय. तेच सांगायला गुरुवारी फोन केला होता.
आईनं तिला विचारलं, निदान मला तरी सांगायचंस. तर म्हणाली, बाबांना कबूल केलं होतं ना.
म्हणजे फितूर कुणीच नव्हतं. मेव्हण्याला पहिल्या दिवशी कळलं कसं, तेवढं शेवटी विचारून घेतलं. म्हणाला, भावजी, तुम्ही गॅलरीत उभे राहून फोनवर ओरडत होता, सगळ्या बिल्डिंगनं ऐकलं.

२३ जानेवारी, शुक्रवार
स्टेशनवर पोचवायला गेलो. डब्याच्या दारात कन्या म्हणाली, पुढच्या वेळी तारीख आईला सांगून ठेवा, मी तिला विचारीन. हसत म्हणाली. चिडली असती तर बरं वाटलं असतं.