तांबडी आणि चितरी यांच्या सोयीसाठी

मी, गंगम्मा रामलिंग धुळशेट्टे, वय अडुसष्ट, राहणार जळकोट, जिल्हा लातूर, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दाबाखाली न येता, स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवते. मला थोडी साखर आहे, बाकी डोकं ठिकाणावर आहे. वकीलसाहेबांनी टाइप करून दिलेल्या कागदात कोंबड्या नव्हत्या. "आक्का, कोंबड्या मृत्युपत्रात बसत नाहीत," म्हणाले. मग मृत्युपत्र मोठं करा म्हटलं, तर हसले. म्हणून हा कागद पुन्हा लिहिला. यापूर्वीचा रद्द समजावा.

कलम १. राहतं घर आणि बाजारातलं बंद दुकान माझा एकुलता मुलगा उमाशंकर याला द्यावं. तो पुण्यात असतो. अव्वा, घर विकू, तू इकडं ये, असं दर दिवाळीला म्हणतो. त्याच्या सोसायटीत कोंबड्या चालत नाहीत. "कुणाला तरी देऊन टाक," म्हणतो. पोरगा वाईट नाही. पण 'कुणाला तरी' नावाचं माणूस जळकोटात मी लई शोधलं, सापडलं नाही.

कलम २. बँकेतली ठेव आणि गळ्यातली बोरमाळ नात सृष्टी हिला. रविवारी तिचा फोन येतो. आधी कोंबड्या दाखव म्हणते, मग त्या दिसल्या की माझ्याशी बोलते. तरी फोन येतो, हे काय कमी आहे?

कलम ३. माझं तांब्याचं घंगाळ नणंद शरणम्मा यांच्याकडे आहे. ते त्यांच्याकडेच राहू द्यावं. गंगम्माच्या घरात कोंबड्या आल्या, तिच्या घरचं पाणी पिऊ नका, असं त्यांनी मठापर्यंत सांगितलं. त्याच घरच्या घंगाळात त्या रोज अंघोळ करतात. घंगाळ मागू नये, त्याला विटाळ नाही का, एवढं विचारावं मात्र.

कलम ४. आता मुख्य.

आम्ही लिंगायत. अंडंसुद्धा आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. पुढच्या खोलीत रेणुका नर्स भाड्याने होती. हे गेले त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तिची बदली हिमायतनगरला झाली आणि चार पिल्लं खोक्यात ठेवून, "मावशी, आठ दिवस सांभाळा," म्हणून ती गेली. ती काही परत आली नाही. सुरुवातीला मी पदराआडून दाणे टाकायची. घरात दुसरं हलणारं काही नव्हतं, म्हणून बघत बसायची. पुढं पुढं पायाशी येऊन बसायला लागल्या, मग कुठला पदर.

काळी आणि तांबडीची जोडी होती. काळी मेली तेव्हा शेजारच्या सिद्धरामने मला त्रास नको म्हणून तिला लगेच उचलून ओढ्यापलीकडे नेलं. त्याने भलंच केलं, पण तांबडी वेडी झाली. खुराड्यामागे बघायची, मोरीत बघायची, दिवस मावळला की ओरडायची. दाण्याला तोंड लावीना. दांडीवर बसली तरी काळीची जागा सोडून बसायची.

पुढच्या उन्हाळ्यात पांढरी गेली. या खेपेला मी कुणाला हात लावू दिला नाही. तांबडी आणि चितरी दोघी आल्या. मान वाकडी करून बघितलं, तिची पिसं चोचीने ओढून बघितली, बराच वेळ जवळ उभ्या राहिल्या. मग आपल्या आपण फिरल्या, पाणी प्यायल्या आणि माती उकरायला लागल्या. ओरडल्या नाहीत. आता दोघी एकमेकींना चिकटून झोपतात.

त्या दिवशी मी अंगणात बसून रडले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ह्यांना लातूरला नेलं. गाडीत चढताना, "भाकरी झाकून ठेव, येतोच," म्हणाले. तिकडूनच नेलं त्यांना. उमाशंकरला लांबून दाखवलं, मला तेही नाही. आमच्यात माणसाला बसवून, विभूती लावून, हातात लिंग देऊन मातीत ठेवतात. ह्यांना अग्नी दिला म्हणे. 'म्हणे' एवढंच माझ्यापाशी आहे. अजून फाटकाची कडी वाजली की मी उठते.

तर या दोघींना द्यायचं कुणाला? आमचे लोक शिवणार नाहीत, आणि जे शिवतात ते चिरायलाच. पुष्कळ विचार करून भिंतीपलीकडच्या सिंधु आप्पासाहेब सोनटक्के हिला देते. तिने मला तोंडावर विचारलं, "आक्का, आमच्यात दर रविवारी कोंबडी शिजती, तुमाला ठाव हाय. तरी मलाच का?"

"तू यांना नावानं हाक मारतीस," म्हटलं.

तिने पदराने डोळे पुसून चितरीला उचलून घेतलं.

दोघी जिवंत आहेत तोवर अंगण, खुराडं आणि मागचं दार सिंधुच्या ताब्यात राहील. उमाशंकरने घर त्यानंतर विकावं. दोघींना वेगळं करू नये, एक इथे एक तिथे असं तर मुळीच नाही. त्या माझ्याआधी गेल्या तर हे कलम रद्द, आणि मग माझ्याकडे कुणीतरी येऊन बसावं.

कलम ५. माझ्या मातीचं. मला अंगणात बसवाल, विभूती लावाल, तेव्हा खुराड्याचं दार उघडावं. दोघींना माझ्यापर्यंत येऊ द्यावं. लोक हसतील, हसू द्या. शरणम्मा वन्सं उठून जातील, जाऊ द्या. चोच मारली, मांडीवर चढल्या, तरी हाकलू नये. उमाशंकर, तुला घाई असेल, तरी थांब. त्या आपणहून माघारी फिरल्या की मगच मला उचला. त्यांना वाट बघायला लावू नका. ते मी केलंय बाबा, अजून करतेय. लई वाईट काम आहे.

हे मी वाचून पाहिलं, बरोबर आहे, खाली सही केली.

ठिकाण : जळकोट
तारीख : १४ डिसेंबर २०२५

(सही) गंगम्मा रामलिंग धुळशेट्टे

आमच्यासमोर सही झाली :
१. (सही) भीमाशंकर गुरुलिंग स्वामी, राहणार जळकोट
२. (सही) मल्लेश शिवराज बिरादार, राहणार जळकोट