मारुतीला बोललेली सायकल

शनिवार, ४ जानेवारी १९९७

आनेकलहून सातच्या बसने परत. आज पुन्हा चिंचेच्या वळणावर उतरावं लागलं. वर कळस दिसतोय आणि मी खाली मान घालून सायकल ढकलतेय. डावा गुडघा. वाटीच्या पुढे, आतून कोणी सुई फिरवावी तसा.

श्रीकांत इलेक्ट्रॉनिक सिटीतली नोकरी सोडून अमेरिकेला गेला तेव्हा ही जाड चाकांची, गिअरची सायकल मागे ठेवून गेला. "आई, विकून टाक." इथे शहरात, चामराजपेटच्या दोन खोल्यांत ठेवायला जागा नाही, म्हणून माहेरी आनेकलला थोरल्या भावाकडे, अण्णाकडे नेऊन ठेवली. विकायचं राहिलं, आणि एका शनिवारी मीच बसले. पायांना सगळं आठवत होतं. त्याला दीड वर्ष झालं. दर शनिवारी बसने आनेकल, तिथून कच्च्या रस्त्याने मारुतीचा डोंगर. पुढून पायऱ्या आहेत, मागून गाडीवाट. मी गाडीवाटेने.

अजून एकदाही न उतरता वर गेलेले नाही. येत्या पाडव्याला सत्तावन्न पुरी होतात. त्याच्या आत जायचंच.

दुखणं आजपासून आण्यांत लिहायचं. सोळा आणे म्हणजे उठताच येत नाही. डा. गु. सात आणे.

रविवार, ५ जाने.

निर्गुडीचा शेक दोनदा. हे पेपरामागून म्हणाले, "त्या मारुतीला बस जात नाही का?"
"पायथ्यापर्यंत जाते."
"मग पुढे पायऱ्यांनी जावं. बाकीच्या बायका जातात तसं."
बाकीच्या बायका. पाच आणे.

बुधवार, ८ जाने.

हाडांच्या डॉक्टरकडे. तरुण आहे.
"ह्या वयात चढावर सायकल?" हसला. नंतर गुडघा दाबून पाहिला, तेव्हा हसायचा थांबला. झीज आहे. जिना कमी करा, मांडी घालून बसू नका, सायकल बंद. मांडी न घालता पूजा कशी करतात ते सांगितलं नाही.

एक मात्र कामाचं बोलला. मांडीत जोर नाही, म्हणून सगळा भार वाटीवर येतो. खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा, थोडं थांबायचं, सोडायचा. पायाला वजन बांधून केलं तर उत्तम.

तेवढं घेतलं. बाकीचं तिथेच ठेवून आले.

गुरुवार, ९ जाने.

मिठाची किलोची पिशवी जुन्या पदराच्या पट्टीने पावलाला बांधली. हातात जपमाळ. एक मणी, एक नाम, एकदा पाय. जप होतो आणि व्यायामही.
हे बघत होते. "रामालासुद्धा कसरतीला लावलंस?"
म्हटलं, त्याची काही तक्रार नाही, तुमचीच दिसते.

शनिवार, ११ जाने.

गेले. चिंचेच्या आधीच उतरले. आठ आणे.

सायकलवर नऊवारीच बरी. सासूबाईंची जुनी, सुती. काष्ट्याने दोन्ही पाय मोकळे राहतात, साखळीत काही अडकत नाही, आणि मागे घड्या येतात त्यामुळे माकडहाडाला गादी होते. बसमधल्या बायका सोवळ्यातली समजून जागा देतात. दारातून निघताना वहिनी म्हणाली, "शांते, मागून बघितलं तर आत्याबाई, पुढून बघितलं तर पोस्टमन!" अण्णा इतका हसला की त्याला ठसका लागला.

शनिवार, १८ जाने.

पडले.

चढताना नाही, उतरताना. शनिवारचा उपास, सकाळपासून नुसतं पाणी. वळणावर खडी होती, डोळ्यांपुढे जरा अंधारलं, आणि पुढचं चाक निसटलं. उजवं मनगट आणि डावा गुडघा, दोन्हीवर एकदम. उठता येईना. सोळा आणे म्हणजे काय ते कळलं. आसपास कोणी नाही. दोन शेळ्या होत्या, त्या बघत राहिल्या.

तेव्हा तोंडून निघून गेलं. मोठ्यांदा. "मारुतराया, गुडघा बरा कर, ही सायकल तुला वाहीन."

बोलले आणि जीभ चावली. गुडघाच गेला तर सायकल घेऊन काय करायचंय, एवढंच तेव्हा डोक्यात. बरा झाला तर काय, हा विचारच केला नाही.

कोणाला सांगितलेलं नाही. इथेच लिहितेय.

सोमवार, २० जाने.

डाव्या हाताने लिहितेय. मनगट मोडलेलं नाही, मुरगळलंय. आंबेहळद, वर रक्तबोळ. पोळ्या यांनी केल्या. त्यांना काय म्हणावं ते सुचत नाही, पण खाल्ल्या. "आता झालं ना समाधान?" असं म्हणाले. मग ताट उचलून स्वतः घासलं.

शनिवार, २५ जाने.

गेले नाही. दीड वर्षात पहिला शनिवार. इथल्याच मारुतीला लंगडत जाऊन आले. देव तोच, पण घाम न गाळता भेटल्यासारखं झालं.

मिठाची पिशवी चालू आहे. सोडणार नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आनेकल. चाक वाकडं झालंय, ते सरळ करायला अण्णाबरोबर बाशासाबच्या दुकानात. केस पांढरे, चष्म्याला दोरी. बाबांची सायकलही तेच दुरुस्त करायचे, तेव्हा पोरसवदा होते. चाक बघायच्या आधी म्हणाले, "अक्का, बसून दाखवा."

बसले. त्यांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "कोंबडी बसवल्यासारखा गुडघा दुमडलाय! सीट स्वल्प वर पाहिजे."
"वर घेतली तर पाय टेकणार नाहीत."
"सायकल चालवायला घेतली का उभी राहायला?"

अण्णा मध्ये पडला. "दोन्ही पाय जमिनीला लागलेच पाहिजेत. मी शिकवलंय तिला." खरं आहे. अण्णाने पहिल्या दिवशी घालून दिलेला नियम. ही सायकल आली तेव्हाही सीट खाली त्यानेच केली आणि मी हूं म्हटलं.
बाशासाब म्हणाले, "तेव्हा अक्का अकरा वर्षांच्या होत्या. आता आहेत का?"

चार बोटं वर घेतली सीट. पाना फिरवताना अण्णा तोंड फिरवून उभा. घरी परतल्यावर दारात म्हणाला, "पडलीस तर मला सांगू नकोस." म्हणजे सांगायचंच.

शनिवार, १५ फेब्रु.

भीती वाटली. मैलाच्या दगडावर पाय ठेवून चढले, तसंच उतरायचं. सपाटीवरच तासभर. थांबायचं झालं की एका अंगाला कलून एकच पाय. दोनदा कलायला विसरले, एकदा कुंपणात गेले. अण्णा मागून चालत येत होता. मी बघितलं की झाडं बघितल्यासारखं करायचा.

पण गुडघा! पाय पुरा लांब होतो, वाटीवर काहीच येत नाही. चार आणे.

शनिवार, १ मार्च

डा. गु. दोन आणे. उ. म. तीन. नवीन पाहुणी: दोन्ही करंगळ्यांना मुंग्या. हँडलवर सगळं अंग टाकून बसते म्हणून, असं बाशासाबांचं मत. मुठींना जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली, दर थोड्या वेळाने हात हलवायचा. एक दुखणं उठून गेलं की दुसरं जागा धरतं, बसमधल्यासारखं. धरू दे. ओळख करून घ्यायची आणि पुढे जायचं.

चढाआधी राजगिऱ्याचा लाडू खाल्ला. उपासाला चालतो. हे आधी का सुचलं नाही कोण जाणे.

चिंचेचं वळण पार केलं! पुढच्या खडकाळ चढावर उतरले.

शनिवार, १५ मार्च

पोचले. न उतरता.

खालच्या गिअरवर, श्वासाला एक नाम. चिंचेला वर बघायचं नाही असं ठरवलं होतं, नाही बघितलं. खडकाळ चढावर मागचं चाक घसरलं, अंग पुढे टाकलं, धरलं. मग एकदम पायरीच समोर आली. खाली पाय टेकला तो देवळाच्या पायरीवर.

पुजारी भट्टरु दिव्याला वात करत होते. "अक्का, आज आवाज नाही आला ढकलल्याचा."

पायरीवर बसले. गुडघा चाचपला. एक आणा, तोही नसेल. डोळे भरून येणार तेवढ्यात आठवलं.

गुडघा बरा झाला.

उतरताना सगळा रस्ता ब्रेकवर बोटं. सायकलकडे बघवेना.

बुधवार, १९ मार्च

तीन रात्री नीट झोप नाही. आज यांना सांगितलं. मला वाटलं हसतील. पेपर खाली ठेवला.
"सायकल वाहीन, असं म्हणालीस?"
"ही सायकल, असं म्हणाले."
पेपराची घडी घातली. मग, "चांदीचे पाय, चांदीचे डोळे वाहतात ना लोक? सोनाराकडून इवलीशी सायकल करून घेऊ. चाकं फिरणारी."
जानेवारीत पायऱ्यांनी जा म्हणणारा हाच माणूस!
म्हटलं, मारुतीला फसवायचं?
"फसवायचं नाही गं. समजावून सांगायचं."

मला एक मार्ग दिसतो तो असा, की गुडघा देवाने नाही, बाशासाबांच्या पान्याने बरा झाला. मग सायकल माझी. पण पडले नसते तर चाक वाकडं झालं नसतं, चाक वाकडं नसतं तर दुकानात गेलेच नसते. तो पाना त्या दिवशी कोणी हातात दिला? मी असली पळवाट काढणार नाही.

शनिवार, २२ मार्च

वर गेले, न उतरता. भट्टरुंना सगळं सांगितलं. शेळ्यांसकट. त्यांनी सायकलला एक प्रदक्षिणा घातली.
"मला चालवता येत नाही, अक्का. त्यालाही कशाला लागते? त्याने समुद्र उडी मारून ओलांडला."
"म्हणजे नको?"
"असं मी कसं म्हणू? बोललात तर बोललात. त्यालाच विचारू."

पुढल्या शनिवारी त्यांना गावाला जायचंय. त्यानंतरच्या शनिवारी कौल लावायचा. देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फूल. उजवं पडलं तर सायकल माझ्याकडे. डावं पडलं तर तिथेच, देवळामागच्या पडवीत. गंजत.

सरी, बरं तर, म्हटलं.

शनिवार, २९ मार्च

देऊळ बंद. तरी गेले. बंद दाराला नमस्कार केला. पडवी बघून आले. पत्र्याला भोक आहे, तिथून पाऊस येणार. भट्टरुंना सांगायला हवं.

अण्णाला कळलंय. वहिनीला मी बोलले होते, तिनेच सांगितलं असणार. म्हणाला, "दिलेला शब्द पाळायचा. पण तुला दुसरी आणून देतो मी." अण्णाची पेन्शन मला माहीत आहे. म्हटलं, दुसरी नको. ही द्यायची झाली तर ही देईन, आणि पायऱ्यांनी जाईन.

खरंच जाईन. मिठाची पिशवी सोडायची नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल

उद्या. आजच आनेकलला आले मुक्कामाला. सायकल धुतली, साखळीला तेल दिलं, मुठींच्या पट्ट्या बदलल्या. द्यायची तर नीट करून द्यायची. वहिनीने न सांगता हँडलला हळदीकुंकू लावलं. थट्टा नाही केली.

डा. गु. आणे शून्य. पहिल्यांदाच शून्य लिहिलं. लिहायला नको होतं असं वाटलं.

शनिवार, ५ एप्रिल

हे पण आले. पहाटेच्या बसने आनेकल, तिथून दुसऱ्या बसने पायथा, मग पायऱ्यांनी. मी गाडीवाटेने आधी पोचले. ते धापा टाकत वर आले आणि म्हणाले, "माझेही गुडघे आहेत म्हणायचे." जवळ बसवून पाणी दिलं.

तेल-शेंदूर नेहमीप्रमाणे मी नेला होता. भट्टरुंनी कालवला, देवाला लावला. दोन तांबडी फुलं. सायकल दारात उभी, देवाला दिसेल अशी. भट्टरुंनी प्रश्न सांगितला, घंटा वाजवली, आम्ही तिघं बसलो. मी मांडी घालून बसले. डॉक्टरने बघितलं नाही म्हणून बरं.

मनातल्या मनात एकच म्हटलं, तुझं तू ठरव, मी रडणार नाही.

अर्धा तास. तास. वारा आला, दिवा हलला, फुलं हलली नाहीत. यांनी दोनदा हळूच खोकून बघितलं. दीड तासाने भट्टरु उठले, जवळ जाऊन बघितलं. दोन्ही फुलं शेंदरात रुतून बसलेली. आज शेंदूर पातळ झाला होता, तेल जास्त पडलं. बाटली मीच भरली होती. मुद्दाम नाही. सकाळी लक्ष सगळं सायकलकडे होतं.

"आज बोलत नाही तो," भट्टरु म्हणाले. "पुढल्या शनिवारी या."
"आणि तोपर्यंत सायकल?"
त्यांनी सायकलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "पुढल्या शनिवारी इथे आणायला तर लागेल ना, अक्का?"

उतरताना फार जपून. सायकल माझी की त्याची, आज सांगता येत नाही, आणि दुसऱ्याची वस्तू सांभाळूनच वापरावी. चिंचेखाली यांची वाट बघत थांबले. एका अंगाला कलून, एकच पाय टेकून.

मंगळवारी पाडवा, सत्तावन्न पुरी. डा. गु. अर्धा आणा, मांडी घातल्याचा.

पुढल्या शनिवारी तेल मोजून न्यायचं. वाटीभरच.

बघू.