साबणाला हिंगाचा वास

शुक्रवार, संध्याकाळ

महिनाभर वाळवलेला साबण आज वापरायला काढला. कडुलिंब आणि तुळस तेलात मुरवून मी स्वतः केलेला. उद्या बचत गटाच्या बायका तो कसा करायचा ते शिकायला येणार आहेत. आणि हे अंघोळ करून बाहेर आले ते विचारतच, "आज लोणचं काढलं काय?"

मी वडी हुंगली. हिंग! चक्क हिंग. करताना मला सर्दी होती, नाहीतर कळलं नसतं? सासूबाईंनी लोणच्यासाठी हिंग-मेथीचं तेल करून ठेवलं होतं, माझ्या बरणीशेजारी, तशाच बरणीत. मग माझं तेल गेलं कुठे?

ते जेवताना कळलं. यांनी लोणच्याची फोड तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं. "आई, हे कडू काऊन लागून राह्यलं?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी लोणच्याकडे पाहिलं. त्यात तुळशीचं एक पान होतं.

"औषधी आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "चूपचाप खाय."

उद्या त्या बायकांना मी काय तोंड दाखवू? हिंग कुठून आला म्हणून सांगू?

जेवण झाल्यावर सासूबाईंनी माझ्याच साबणाने हात धुतले, दोनदा हुंगले आणि म्हणाल्या, "हिंग मस्त मुरला, बाई."