टेरिलचा वसंत-नियम आणि मागचा नळ

केर्नी क्रीक, व्हिक्टोरिया
गुरुवार, ९ ऑक्टोबर, सकाळी ६.४०

प्रिय मर्नाताईस,
धाकट्या लायलचा नमस्कार. तुझा गुडघा, भावजींचे कान आणि लिंबाचं झाड या तिघांची प्रकृती बरी असेल असं धरून चालतो. (भावजींच्या बहिरेपणावर माझा विश्वास नाही, केक म्हटलं की त्यांना तिसऱ्या खोलीतून ऐकू येतं.)

आमच्या दूधभुकटीच्या कारखान्यातल्या कूलिंग टॉवरचं पाणी गेली अकरा वर्षं मी सांभाळतो, हे तू जाणतेसच. कुठल्या कॉलेजात गेलो नाही. वाचलं, मोजलं, पुन्हा मोजलं. दर सोमवारी सव्वासातला नळाच्या पाण्यात चाचणीपट्टी बुडवायची, दोन दिवस उबेत ठेवायची आणि तिच्यावर उठलेले जंतूंचे ठिपके मोजायचे. ठिपके वाढले की औषध वाढवायचं, नाहीतर टॉवरच्या तुषारांबरोबर छातीचा ताप गावभर जायचा. (आमची मॅनेजर ग्लेनिस ठिपके ‘अंदाजे’ मोजते. अशा व्यक्तीबद्दल अधिक लिहीत नाही.) तर या अकरा वर्षांत मी एक शोध लावला. सप्टेंबर लागला, आपल्याकडचा वसंत सुरू झाला, की ठिपके दसपट होतात आणि नोव्हेंबरच्या मध्यावर आपोआप उतरतात. कारण, वसंतातले पराग. याला मी ‘टेरिलचा वसंत-नियम’ असं साधंसं नाव दिलं, चौदा तक्ते काढले, आणि येत्या १९ तारखेला मेलबर्नच्या परिषदेत चाळीस इंजिनियरांपुढे तो मांडायचा ठरला. निमंत्रण तुझ्या भावजयीने, जोअनने, कौतुकाने फ्रिजवर लावलंय. (मी सांगितलं म्हणून.)

सोमवारी सरकारी तपासनीस आली. थुई फाम नावाची, वयाने लहान, पण पेन्सिलीला टोक चोख. मी तक्ते उलगडले. ती म्हणाली, “लायल, हे पाणी कुठल्या नळाचं?” म्हटलं, वर्षभर पुढच्या, वसंतात मागच्या. “का बरं?” आता काय सांगायचं! पुढच्या नळावर निलगिरी आहे आणि तिच्यावर मॅगपायचं घरटं. पिल्लं झाली की तो पक्षी डोक्यावर झडप घालतो. (नर घालतो, मादी नाही, लोक चुकीचं सांगतात.) हेल्मेटवर प्लास्टिकचे बंद साळिंदरासारखे उभे केले, मागे डोळे रंगवले, छत्री धरली. छत्री गेली.

थुईने मागच्या नळाचा पाइप चाचपत टोक गाठलं. टोक बंद! पाणी त्यात फिरतच नव्हतं, वर्षभर कुजत होतं. “लायल, तुम्ही टॉवर नाही मोजलात, हे डबकं मोजलंत.” ग्लेनिस लगेच, “आणि या डबक्यापायी टॉवरला दुप्पट औषध पाजलं! वा रे वसंत!” मग थुई बोडक्या डोक्याने पुढच्या नळाकडे गेली. पक्ष्याने तिच्याकडे पाहून पंख साफ केले. दहा हात लांब उभ्या असलेल्या माझ्या कानामागून मात्र रक्त काढलं. “हे चेहरे लक्षात ठेवतात,” थुई म्हणाली, “तुम्ही त्याचं काय केलंत?” काहीही नाही!

काल तिची पुढच्या नळाची पट्टी पाहिली. ठिपके मोजके, इतर महिन्यांसारखेच. नियम वारला. दुपारभर मी तक्ते गुंडाळत बसलो. पण परिषदेला जाणार आहे. थुई म्हणाली, हे खरं आहे तसं सांगा, लोकांच्या उपयोगाचं आहे. नवा विषय : ‘बंद पाइपचा धोका : अकरा वर्षांचा अखंड अभ्यास’. तक्ते तेच.

तुझा,
लायल

ता. क. मागचा पाइप मी काल कापून टाकला. म्हणजे आता पुढचाच नळ. वसंताचे पाच सोमवार उरलेत. पक्षी भावजींना ओळखत नाही, तेव्हा त्यांना पाठव. केक करून ठेवतो.

ता. क. २. त्यांना खरंच ऐकू येत नसेल तर उत्तम. मागून येणारा पंखांचा आवाज माणसाला फार खचवतो.

ता. क. ३. वर ‘काहीही नाही’ लिहिलं, ते तपासून पाहिलं. अकरा वर्षांपूर्वी मी ते घरटं एकदा पाइपने धुतलं होतं. एकदाच. दोन मिनिटं चाळीस सेकंद.