सासूबाईंचं चॅनल

रविवार, रेडमंड, अमेरिका

सकाळी संदीप म्हणाला, "पब्लिक टीव्हीला दर महिन्याला देतो ती देणगी कॅन्सल करूया. आपण कुठे बघतो?"

प्रेक्षकांच्या देणग्यांवर चालणारं हे चॅनल आपण नाही, पण सासूबाई बघतात. बागकामाचा कार्यक्रम, रोज दुपारी. इंग्रजी येत नाही, मग त्यांना काय कळत असेल?

संध्याकाळी शेजारची लिंडा टोमॅटोच्या पिवळ्या पडलेल्या रोपांपाशी उभी होती. सासूबाई सरळ तिच्याकडे गेल्या, माती चाचपली आणि म्हणाल्या, "टू मच वॉटर."

चक्क इंग्रजीत! इथे आल्यापासून घराबाहेरच्या कुणाशी पहिल्यांदाच बोलल्या. टू मच वॉटर! मी आणि संदीप खिडकीतून बघतच राहिलो. "देणगी राहू दे," तोच म्हणाला. किती बरं वाटलं मला.

सासूबाई हसत परतल्या. "उद्या लिंडाकडे चहाला जाणार आहे," म्हणाल्या, "तुम्ही येऊ नका."