बंद घराचं पाणी

आई, काल दुपारी मी आपलं घर काढून टाकलं. खरं घर वाडीत आहे तिथेच आहे, पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या रस्त्याखाली, कुलूप लावलेलं. मी काढलं ते कॉम्प्युटरमधून.

नीट सांगते. तू होतीस तोवर वाडीच्या टाकीचं पाणी फिरवायची चावी आपल्या अंगणात होती आणि कुणाला कधी पाणी सोडायचं ते तुला तोंडपाठ. होळीनंतर झरा आटत आला की तू सगळ्यांत आधी आपलीच वेळ अर्धी करायचीस. धुणं भिजत पडलंय म्हणून मी एकदा कुरकुरले, तर चुलीपुढून मानही वर न करता तू म्हणालीस, "चावी आपल्या दारात हाय म्हणून आपुनच प्यायचं काय गो?" मला राग आला होता. अजूनही थोडा आहे. वाडीला पाजून तू स्वतः धुणं घेऊन ओहोळावर जायचीस, आणि मलाही ओढायचीस.

तू गेल्यावर बरीच वर्षं कसंबसं चाललं, भांडणं झाली, आणि शेवटी वाडीने पाण्याच्या वेळांचं हे लोढणं माझ्या गळ्यात घातलं. का, तर मी महाडला क्लासमध्ये मुलांना कॉम्प्युटरची पायथन भाषा शिकवते. मी प्रोग्रॅममध्ये एक तक्ता केला. आडवी ओळ म्हणजे एक घर, उभा रकाना म्हणजे एक वार, आणि दोन्ही भेटतात तिथे पाण्याची वेळ. तक्त्यावरून ज्याच्या त्याच्या मोबाईलवर मेसेज जातो, आणि वाडीतला एक पोरगा त्याप्रमाणेच चावी फिरवतो. पहिल्याच दिवशी शोभा झाली. मी एकच ओळ तयार करून ती सगळ्या घरांना लावली होती. दिसायला प्रत्येकाची वेगळी, पण आत एकच. एका घराची वेळ बदलली की सगळ्यांची बदलायची. शेवटच्या घराची भरली तीच वेळ सगळ्यांना गेली. अख्ख्या वाडीने एकदम नळ सोडले आणि सगळ्यांत वर राहणाऱ्या काकीच्या नळातून नुसती हवा. तिचा फोन आला, "बाय, तुझ्या मशिनीनं सगळ्यांना एकाच ताटात जेवायला बसवलंन." प्रत्येक घराची ओळ वेगळी बनवावी लागते, हे आता मी वर्गात याच गोष्टीवरून शिकवते. मुलं हसतात. मीही हसते, हसायची जागा असते म्हणून.

तक्त्यात पहिली ओळ आपली होती. सवयीने घातली, मग तशीच राहू दिली. आपल्या वेळेला नळ उघडायला कोणी नाही, पण तेवढा वेळ पाणी आपल्याच घराकडच्या पाइपाच्या फाट्याला सोडलेलं असतं आणि वर चढत नाही. यंदा काकीचे गुडघे गेले. तिला हंडा घेऊन ओहोळावर उतरवत नाही. "बंद घराला पानी सोडून भिंतींना पाजतेस काय गो?" ती म्हणाली. "माझ्याकडं दोन हंडं पन भरत नाय." रागावली नव्हती, नुसतं विचारत होती. मी बघते म्हटलं, आणि बरेच दिवस बघितलंच नाही.

काल काढली ओळ. खालची घरं एकेक जागा वर सरकली, आपल्या वेळा काकीच्या ओळीत घातल्या. सगळ्यांचे क्रमांक बदलले म्हणजे कुठेतरी बिनसणारच, असं मी धरून चालले होते. माझं काहीच पहिल्या फटक्यात चालत नाही. हे चाललं. मेसेज गेले. संध्याकाळी काकीने कळवलं, पिंप भरलं. मी बरं म्हटलं आणि कुकर लावला. तू गेलीस त्या दिवशीही असंच, सगळे रडत होते आणि मी आल्यागेल्याला चहा गाळून देत होते. मला काही वाटत नाही आई, पुष्कळ दिवस झाले. वाटायला हवं हे कळतं, तेवढंच.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. निदान एखादा एरर यायला हवा होता. तो येईल म्हणून मी स्क्रीनसमोर किती तरी वेळ बसून राहिले होते.